फलटणला लाकूड विकायला गेलो तेव्हा

वळवाच्या पहिल्याच वावटळीत आमच्या विहिरीवरची बाभूळ मुळासकट आडवी झाली. माझ्या आजोबांनी मुद्दाम राखलेली ती बाभूळ. बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नसे. डहाळ्या शेळ्यांना गेल्या, फांद्या चुलीला गेल्या, पण बुंध्याचे काय करायचे? थोरला मुलगा म्हणाला, "आण्णा, ट्रॉलीत घालू आन् फलटणच्या वखारीत देऊन येऊ. चार पैसं येतील." मलाही ते पटले. मृग निघायच्या आधी एक दिवस आम्ही बापलेक ट्रॅक्टर घेऊन निघालो.

त्या एका दिवसात लाकडाविषयी जे पाहिले, ऐकले आणि आठवले ते तुम्हाला सांगावे असे वाटले. तुमच्याही बांधावर झाडे असतील. आणि 'अमुक झाड लावा, दहा वर्षांत एकरी लाखांनी पैसे' असे सांगणारा कुणीतरी तुमच्याही ओसरीवर चहा पिऊन गेला असेल.

ज्यांनी फलटण पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी चार शब्द. सातारा जिल्ह्याच्या ईशान्येला हा आमचा तालुका. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इकडे येईपर्यंत रिता होतो. उत्तरेच्या शिवेवर नीरा नदी. नीरेचा उजवा कालवा आला आणि त्याच्या खालच्या अंगाला ऊस उभा राहिला. कालव्याच्या वर, दक्षिणेकडे, अजूनही माळ, कुसळे, बोरी आणि बाभळी. मधून बाणगंगा वाहते, म्हणजे पाऊस झाला तर वाहते. गाव जुने. नाईक निंबाळकरांची राजधानी. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. आषाढीला माउलींची पालखी लोणंदहून तरडगावमार्गे इथे येते. वाटेत पहिले उभे रिंगण होते त्या जागेचे नावच मुळी चांदोबाचा लिंब. एका झाडाने ठिकाणाला नाव दिले! पालखी मार्ग चौपदरी करताना कडेची कितीतरी जुनी झाडे गेली. रस्ता चांगला झाला, खोटे कशाला बोलू. पण उन्हात चालणाऱ्या वारकऱ्याला विचारा.

सांगायचे ते हे, की आमच्याकडे जंगल म्हणावे असे काही नाही. इथे लाकूड निघते ते बांधावरचे, विहिरीवरचे आणि ओढ्याकाठचे. म्हणजे ते तुमच्याआमच्या मालकीचे असते आणि ते विकायचे की राखायचे हेही आपणच ठरवायचे असते.

आपल्या भागात तालुक्याच्या गावी लाकडाची वखार म्हटली की ती बहुधा कच्छी पटेलांची. पिढ्यान् पिढ्या इथे राहून ते आपल्याइतकेच चांगले मराठी बोलतात. शेठनी बुंध्यावर टाच मारून पाहिली, कापलेल्या तोंडावरचा लालसर गाभा पाहिला आणि म्हणाले, "काका, माल एक नंबर आहे. पण घेणारा कोण आहे? जळणात धरतो."

"जळणात?" माझ्या तोंडून जरा मोठ्यानेच निघाले.

"वीटभट्टीला जातं त्या भावात. चार वाजेपर्यंत विचार करा. नाही पटलं तर परत न्या, माझा राग नाही."

वाचकहो, या बाभळीची किंमत काय होती ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. पण तुमच्यातल्या तरुणांनी लाकडी चाकाची बैलगाडी बहुधा लग्नाच्या मिरवणुकीत नाहीतर हॉटेलच्या दारातच पाहिली असेल. त्या चाकाच्या मध्यभागी असतो तो तुंबा. तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांच्या टोकांना वळणदार तुकडे जोडून गोल पुरा करायचा आणि वरून लोखंडी धाव चढवायची. धाव चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लालभडक तापली की फुगते. तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. चर्रर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, आणि आकसणारी धाव सगळे सांधे असे आवळते की चाक एकजीव होते. लहानपणी आम्ही शाळा बुडवून हे पाहायला जात असू. त्या आवळण्याला, आणि पुढे वीस वर्षे दगडाधोंड्यांत आपटण्याला, टिकणारे आमच्या भागातले लाकूड एकच, बाभळीचे.

पण ते तसे फुकट टिकत नसे. झाड तोडले की ओंडका ओढ्याच्या डोहात नाहीतर विहिरीत बुडवून ठेवायचा. सहा महिने, वर्ष. लाकडातला गोडवा पाण्यात उतरून गेला की पोखरणारा किडा त्याला सहसा तोंड लावत नाही. मग सावलीत सुकवायचा. एवढे झाल्यावर सुतार त्याला हात लावायचा. गाडीच नव्हे, नांगर, कुळव, पाभर, जू, सगळे त्याच लाकडाचे. लाकूड शेतकऱ्याचे, कसब सुताराचे, आणि गिऱ्हाईकही शेतकरीच! झाडाच्या सावलीतच त्याचा बाजार भरत होता. सुताराला बलुते खळ्यावर मिळायचे. त्या व्यवहारात अन्यायही होता, सुताराच्या पोरांना विचाराल तर ती सांगतील. पण बाभळीला घेणारा कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

तो पडायला सुरुवात आमच्या शेजारीच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडते म्हणून शेतकऱ्यांनी सुरुवातीला तो नांगर घेतला नाही, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढे घेतला, आणि लाकडी नांगर गेला. मग रबरी टायरच्या गाड्या आल्या, आपण त्यांना डनलॉप गाडी म्हणायला लागलो. तुंबा गेला, आरे गेले, धाव गेली. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलही गेले. बाभूळ मात्र होती तिथेच उभी. तिचा गुण तसूभरही कमी झाला नव्हता. कमी झाले ते गिऱ्हाईक.

चार वाजायला वेळ होता. मुलगा म्हणाला राजवाड्याकडे जाऊ. तुम्ही फलटणला आलात तर मुधोजी मनमोहन राजवाडा आणि त्याच्या शेजारचे श्रीरामाचे मंदिर चुकवू नका. मार्गशीर्षात देवदिवाळीला याच रामाचा रथ निघतो आणि पंचक्रोशी लोटते. राजवाड्यात आत गेलात की आधी वर बघा. खांब, तुळया, कमानी, नक्षीकाम. सिनेमावाले कॅमेरे घेऊन इथे येतात ते उगाच नाही. इतकी उन्हेपावसाळे गेली तरी ते लाकूड उभे आहे. मी खांबाला हात लावून पाहिला. गार लागला. सागाचे असे आहे की घडवणाऱ्याने एकदा घडवले की नातवंडांपर्यंत बघायला नको. पण साग आमच्या माळावर असा वाढत नाही. राजाला तो लांबून आणणे परवडले. पुढे आपल्याकडे बांधकामाला ब्रह्मदेशचा साग यायचा. तिथल्या सरकारने २०१४ सालापासून ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. आता वखारीत न्यूझीलंडचा पाइन असतो, कांडला बंदरात उतरून आलेला. सात समुद्र ओलांडून आलेले लाकूड फलटणमध्ये विकते आणि चार कोसांवरची बाभूळ वीटभट्टीत जाते. हसावे की रडावे?

परत वखारीत आलो तर शेठचा माणूस प्लायवुडच्या फळ्या रचत होता. एकीची कड तुटलेली होती. आत पांढरे, हलके, दोऱ्यासारख्या सरळ रेषांचे लाकूड. मी विचारले, हे कशाचे? "पॉपलर. यमुनानगरचा माल." हरियाणातल्या यमुनानगरहून!

या पॉपलरची कहाणी मी पुढे मिळेल तिथून जमवली. ती सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिच्यात आहे.

थंड मुलखात, स्वीडन-रशियाकडे, ॲस्पेन नावाचे झाड असते. पॉपलरच्याच कुळातले. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून वारा नसला तरी पान हलते, आपल्या पिंपळासारखे. उत्तरेत पॉपलरला पहाडी पिंपळ म्हणतात ते यामुळेच असावे. एरवी दोघांचे नाते नाही. या ॲस्पेनचे लाकूड पांढरे, मऊ, वास नसलेले. सोलले तर कागदासारखे सुटते, कापले तर कुसळ निघत नाही, मेण चटकन पिते. म्हणजे आगकाडीसाठीच जन्माला आलेले. ओंडका यंत्रावर फिरवून त्याची काडीएवढ्या जाडीची सलग पट्टी सोलतात, पट्टीच्या काड्या कापतात, विझल्यावर निखारा राहू नये म्हणून त्या औषधी पाण्यात बुडवतात, सुकवून टोकाला मेण पाजतात आणि शेवटी गूल लावतात.

१९२२ साली सरकारने परदेशी काड्यापेट्यांवर मोठी जकात बसवली. तेव्हा स्वीडनच्या कंपनीने इथेच कारखाना काढायचे ठरवले. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे 'विमको', निघाली आणि ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. आपल्या घरातली कित्येक वर्षांची चूल या काडीने पेटली आहे. सुरुवातीला ॲस्पेनचे लाकूड बोटीने यायचे. मग आपल्या रानातली काटेसावर वापरात आली. तीही मऊ आणि पांढरी. पण सावरीला कुणी लावत नव्हते, नुसते तोडत होते. रान संपत आले.

इथे कंपनीने जे केले ते नीट वाचा. १९७६ च्या सुमारास तिने उत्तर प्रदेशच्या तराईत, आज तो भाग उत्तराखंडात आहे, पॉपलरच्या रोपांवर काम सुरू केले. जात मूळची अमेरिकेतली. १९८४ साली नाबार्डच्या मदतीने योजना आखली. शेतकऱ्याला रोप कंपनीचे, सल्ला कंपनीचा, कर्ज बँकेचे, आणि आठ वर्षांनी झाड ठरल्या भावाने घ्यायची हमीही कंपनीची. शिवाय पॉपलर हिवाळ्यात निष्पर्ण होतो, म्हणजे झाडांच्या ओळींमध्ये गव्हाला ऊन मिळते. शेतकऱ्याचे रब्बी बुडत नाही. पंजाब, हरियाणा, तराईत पॉपलर पसरला. पुढे काडीपेक्षा प्लायवुडवाल्यांनीच तो जास्त उचलला. यमुनानगर त्याची पेठ झाली. भाव तिथेही कोसळले आहेत, एकदा नव्हे. सगळ्यांनी एकदम लावले की सगळ्यांचे एकदम तोडायला येते, त्याला कोण काय करणार? पण झाड जमिनीत घालण्याआधी त्याला घेणारा माणूस ठरला होता, ही गोष्ट विसरू नका.

हे ऐकून कुणी पॉपलर लावायला धावू नये. हिवाळ्यात कडक थंडी पडते अशा उत्तरेकडच्या मुलखातच तो साधतो. साधारण अठ्ठावीस अक्षांशाच्या खाली तो नीट येत नाही. फलटण अठराच्या जवळ आहे.

आता माझीच फजिती सांगतो. १९८५ साल असेल. सुबाभळीची लाट आली होती. हवाई बेटांतून आलेली उंच वाढणारी जात. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेने चाऱ्यासाठी आणि जळणासाठी तिचा मोठा प्रसार केला होता, आणि माळरानावर तिने खरोखर हिरवळ आणली. माझी तक्रार त्या झाडाबद्दल नाही. आमच्याकडे एक गृहस्थ आले, मोटारसायकलवरून. म्हणाले, कागद गिरणी जागेवरून नेईल. मी दीड एकर माळ सुबाभळीखाली घातला. झाडे वाढली, माझ्या डोक्यावरून गेली, मन सुखावले. १९८८ नंतर पानांवर बारीक उड्या मारणारी कीड आली. परदेशातून आली म्हणतात, साऱ्या देशभर पसरली. शेंडे करपले. तरीही बुंधे तयार झाले. पण गिरणी कुठे? विचारले तर सगळ्यात जवळची इतकी लांब, की ट्रकभाडे लाकडाहून महाग. ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. शेवटी एका दलालाने जळण म्हणून नेले. तोडणीची मजुरी सुटली, बाकी शून्य. बरे, सुबाभूळ तोडली तरी मरत नाही! बुडख्यातून फुटते, बी पडलेले उगवते. ते रान पुन्हा ज्वारीला आणायला मला तीन वर्षे लागली. कारभारीण अजून मधूनमधून विचारते, "कागद कितीचा झाला वो?"

आंध्रात मात्र याच सुबाभळीवर शेतकऱ्यांनी पैसा केला. कारण तिथे कागद गिरण्या ट्रकच्या टप्प्यात आहेत. झाड तेच, अंतर वेगळे.

त्याच काळात आमच्या फलटणमध्ये या प्रश्नावर दुसऱ्या बाजूने विचार चालू होता, हे मला फार उशिरा कळले. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली इथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. करडई, गोड ज्वारी, मेंढ्या यांवरचे तिचे काम तुम्हाला ठाऊक असेल. डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली अमेरिकेतून इथे आले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लाकडाच्या वायूवर पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप चालवून दाखवला, आणि जळण म्हणून सुबाभूळ वापरली. लाकूड भरपूर हवेत जाळले तर राख होते. बंद भट्टीत मोजकी हवा देऊन जाळले तर जळणारा वायू निघतो. तो गाळून, गार करून इंजिनात सोडला की डिझेल थोडेच लागते. म्हणजे बघा, लाकडाचे गिऱ्हाईक दूरच्या गिरणीत शोधायचे नाही. आपल्या विहिरीवरच उभे करायचे. जुन्या बैलगाडीसारखेच. पुढे ते घरोघर झाले नाही. लाकडाचे बारीक तुकडे करा, वाळवा, डांबर धरलेली गाळणी साफ करा, एवढा उपद्व्याप कोण करणार, जिथे बटण दाबले की विजेची मोटार सुरू होते? रात्री तीन वाजता वीज येते ही गोष्ट वेगळी.

शेठना मी विचारले, "मग आमच्या माळावर लावायचं तरी काय?"

ते म्हणाले, "ते मला विचारू नका. घ्यायचं काय ते विचारा. हलकं, पांढरं असेल तर खोक्यांना चालतं. महारुख आहे का कुणाकडे?"

महारुख! आमच्या ओढ्याच्या वळणावर दोन उभे आहेत. पाला चुरगळला की उग्र वास येतो, म्हणून पोरे जवळ जात नाहीत. शेळ्यामेंढ्या मात्र आवडीने खातात. कोरड्या मुलखात वाढतो, लवकर वाढतो, तोडला तर पुन्हा फुटतो. लाकूड मऊ, पांढरे, हलके. खोकी, खेळणी आणि आगकाड्या यांना चालते. त्याचाच दक्षिणेतला भाऊ, केरळातला 'मट्टी', शिवकाशीच्या काड्यांना वापरतात. म्हणजे थंड देशातल्या ॲस्पेनची जागा घेणारे झाड आमच्या ओढ्यात उभे होते आणि मी त्याला निकामी समजत होतो. दोष त्याचेही आहेत. फांदी ठिसूळ, वाऱ्यात मोडते, घराजवळ लावू नये. आणि फळबागवाले आता पुठ्ठ्याची खोकी आणि प्लॅस्टिकचे क्रेट वापरतात, तेव्हा खोक्यांचे गिऱ्हाईकही किती दिवस राहील ते सांगवत नाही. म्हणून मी शेत भरून लावणार नाही. बांधावर लावणार. उद्या कुणी घेतले नाही तर पाला तरी शेळ्यांचा.

सध्या महोगनी, मिलिया डुबिया, चंदन यांच्या जाहिराती तुम्ही पाहत असाल. झाडे वाईट नाहीत. पण रोपे विकणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली, घेणाऱ्याचे नाव आणि गाव सांग, तिथे मी जाऊन येतो. दुसरी, इथून तिथपर्यंत टनाला भाडे किती? उत्तर देताना तो चुळबुळ करू लागला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि झाड आपल्या मालकीचे असले तरी तोडण्याआधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ अशा झाडांना परवानगी लागते, आणि लाकूड नेताना वाहतुकीचा पासही. नाहीतर माल रस्त्यात अडकतो.

आमच्या बाभळीचे काय झाले? गाठींचा, वाकडा भाग शेठना दिला, जळणाच्या भावात. ते पैसे ट्रॅक्टरच्या डिझेलला आणि दोघांच्या मिसळीला पुरले. सरळ सहा फूट ओंडका परत आणला. मुलगा वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर दोघांनी मिळून तो दोर बांधून विहिरीत सोडला. शेजारच्या गावात एक म्हातारे सुतार आहेत, अजून हात चालतो त्यांचा. त्यांना निरोप धाडला आहे. नातीला पाटा ठेवायला चौरंग हवा आहे, आणि खुरप्या-कुऱ्हाडींचे दांडे तर वर्षाला लागतातच. महारुखाचे पंखांचे बी ओढ्यात पडले होते. ते फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी साठ पिशव्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा विहिरीत वाकून बघत होता. "आण्णा, कधी काढायचा हा?"

म्हटले, "पुढच्या वळवाला."